विश्लेषण : आंब्याच्या शेंड्यावर ‘चिक-चिक’ करणारा पक्षी कोणता?

आंब्याच्या झाडाखाली उभे राहिले की वरून दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा ‘चिक-चिक’ आवाज येतो. पान हलते, पक्षी मात्र दिसत नाही. दिसलाच, तर शिंजीर समजून सोडून दिला जातो. पुष्कळदा तो असतो फुलटोच्या. महाराष्ट्रात नेहमी दिसणाऱ्या त्याच्या दोन जाती सहज एकमेकींत मिसळतात. पण आंब्यावरच्या बांडगुळाच्या प्रसारात दोघांची रीत वेगळी, म्हणून ओळख नेमकी हवी.

शिंजीर नाही, हे कसे कळते?

चोच पाहा. शिंजिराच्या मादीची चोच लांब आणि बाकदार, फुलटोच्याची आखूड. टिकेलचा फुलटोच्या तर जेमतेम आठ सेंटीमीटरचा, म्हणजे देशातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. वरून हिरवट-राखी, खालून मळकट पांढरा, नर-मादी सारखेच. त्यामुळे रंगाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

दोघांत फरक काय?

टिकेलच्या फुलटोच्याची चोच बारीक, फिकट गुलाबीसर आणि छाती कोरी असते. दुसऱ्याचे नावच जाड चोचीचा फुलटोच्या. ती चोच निळसर करडी, छातीवर पुसट रेघा. पुस्तकात हे सोपे वाटते. उजळ आभाळाकडे मान वर करून पाहताना सगळेच काळे दिसते. अशा वेळी शेपटी कामी येते. जाड चोचीचा फुलटोच्या बसल्या जागी शेपटी डावी-उजवीकडे झटकत राहतो. दक्षिण सह्याद्रीत मात्र निलगिरी फुलटोच्याही भेटतो, तेव्हा तिथे चोचीचा रंग पुन्हा तपासावा. त्याची चोच गडद असते.

बांडगुळाशी संबंध कसा?

सालिम अली यांनी १९३१ मध्ये कोकणातील बांडगूळ, शिंजीर आणि फुलटोच्ये यांच्यावर लेख लिहिला होता. टिकेलचा फुलटोच्या बांडगुळाचे फळ सबंध गिळतो. चिकट बी विष्ठेतून बाहेर पडते आणि फांदीला चिकटते, कधी दुसऱ्याच झाडाच्या. जाड चोचीचा गर खातो आणि बी तिथेच जवळच्या फांदीला पुसतो. त्यामुळे एकाच आंब्यावर बांडगुळे वाढतात. बागायतदाराने यासाठी पक्ष्यावर दगड उचलण्यात हशील नाही. हाच पक्षी कोळी आणि किडेही टिपतो. फळे धरण्याआधी बांडगूळ फांदीसकट छाटणे हा खरा उपाय.

शहरात पाहायचा असेल तर सिंगापूर चेरीचे झाड गाठा.