मोटरीवर चालणारी वाळूची चाळण

घर बांधले जात असता रस्त्याच्या कडेला तिरपी उभी केलेली लोखंडी जाळी आपण सर्वांनी पाहिली आहे. कोणी एक फावड्याने वाळू जाळीवर फेकतो. बारीक वाळू पलीकडे पडते, खडे व शिंपले अलीकडे घरंगळतात. काम सोपे दिसते म्हणून ते बिगाऱ्याचे, आणि पुष्कळदा बिगारी बाईचे, समजले जाते. गवंड्याच्या हाताला मोल आहे. पण त्याचा गिलावा साफ उतरावा म्हणून आधी वाळू निवडणाऱ्या हाताला ते नाही. हे काम मोटरीकडून कसे करून घेता येते आणि मग त्या हाताचे काय व्हावे, हे दोन्ही प्रश्न आम्ही येथे एकत्रच मांडणार आहोत. कारण ते एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

प्रथम उभ्या जाळीचा दोष पाहू. काँक्रीटमधील बारीक माल म्हणजे मुख्यतः ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा, असे भारतीय मानक सांगते. गिलाव्याला याहून बारीक जाळी लागते. आता जाळी जमिनीशी साठ अंशांत टेकवून ठेवली, तर वरून सरळ खाली येणाऱ्या कणाला तिचे भोक निम्मेच दिसते. म्हणून पुष्कळशी चांगली वाळू खड्यांबरोबर खाली घसरते, आणि तोच ढीग पुन्हा उचलावा लागतो. मजुराची पाठ दुखते ती निम्मी या भूमितीमुळे.

यावर उपाय म्हणजे फिरते पिंप. जाळीचे आडवे पिंप किंचित उतरते ठेवून फिरवले की वाळू भिंतीबरोबर थोडी वर चढते, पुन्हा खाली लोळते आणि दर फेऱ्यात तिला भोकातून जाण्याची नवी संधी मिळते. न गळलेले खडे उताराने पुढे सरकत दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतात.

असे पिंप भंगारातूनही उभे राहते. सायकलची तीन रिकामी रिंगे घ्यावीत; आरे काढून टाकावेत. सुमारे चार फूट लांबीच्या लोखंडी पट्ट्यांनी ती एकमेकांस वेल्डिंगने जोडावीत आणि दोन टोकांच्या दरम्यान आतून जाळी गुंडाळून बांधावी. दोन रिंगे लोखंडी चौकटीवरील चार लहान चाकांवर टेकतात. तिसरे, वरच्या टोकाचे रिंग चाकांच्या बाहेर ठेवावे. त्याच्या खाचेत मोटरीचा पट्टा बसतो. चार फुटांत चार इंच उतार पुरतो. खाली पत्र्याची घसरंडी आणि वर घमेले ओतण्यास एक नाळके केले की सांगाडा झाला.

आता वेग, आणि येथेच पुष्कळांचे गणित चुकते. पाण्याची बादली जोराने गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, हे मुलांनाही ठाऊक असते. पिंपही फार वेगाने फिरले तर वाळू भिंतीला चिकटून नुसती फिरत राहील, चाळली जाणार नाही. ही मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे : पिंपाचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ४२ ला त्याने भागावे. व्यास ०.६ मीटर असेल तर मर्यादा मिनिटास सुमारे ५४ फेरे येते. चाळण्यासाठी वेग याच्या निम्म्याच्या आसपास, किंवा थोडा कमी, असावा. म्हणजे आपल्याला २५ फेरे पुरेत.

परंतु साधी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर मिनिटास सुमारे १,४४० फेरे घेते. हा वेग दोन पायऱ्यांत उतरवावा. मोटरीवर अडीच इंची पुली व मधल्या दांड्यावर पंधरा इंची पुली ठेवली की वेग सहापट घटून २४० होतो. त्याच दांड्यावरील दुसऱ्या अडीच इंची पुलीवरून पट्टा चोवीस इंची रिंगाला दिला की २५ फेरे मिळतात. वेग घटतो तितका जोर वाढतो. म्हणूनच एवढी लहान मोटर ओल्या वाळूचे वजन फिरवू शकते. वीज तासाला साधारण अर्धा युनिट लागते.

ओल्या वाळूविषयी एक इशारा. कणाभोवती पाण्याचा पातळ थर असला की कण एकमेकांस चिकटतात, जाळी तुंबते आणि वाळू फुगते. शेकडा पाच ओलाव्याने तिचे आकारमान शेकडा वीस ते तीस वाढू शकते. म्हणून मापाने वाळू घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ब्रासाच्या भावात तो पोकळीचेही पैसे देत असतो.

उलट वाळू कोरडी असेल तर धूळ उडते. जे दिसते ते तितके घातक नाही. डोळ्यांना न दिसणारे, काही मायक्रॉनांचे गारेचे कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि त्यातून सिलिकोसिस होतो. त्याला बरे करणारे औषध नाही. वाळूच्या जातीप्रमाणे गारेचे प्रमाण कमीजास्त असते, पण धोका गृहीत धरूनच चालावे. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातला. परंतु रस्त्याकडेचा वाळूचा ढीग म्हणजे कारखाना नव्हे. पिंपाला तिन्ही बाजूंनी गोणपाट लावणे, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहणे आणि नाकातोंडावर योग्य मुखवटा बांधणे एवढे तरी घडले पाहिजे. साधा रुमाल बारीक कण अडवीत नाही.

पट्ट्यांवर जाळीचे झाकण हवेच. बाईचा पदर अथवा पुरुषाचे उपरणे पुलीत गेले तर मोटर दया करीत नाही. चौकटीला अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच, ही चैनीची वस्तू मानू नये. पायाखाली ओली वाळू असते.

राहिला शेवटचा प्रश्न. यंत्र आले की चार हातांपैकी दोन घरी बसतात, ही भीती खोटी नव्हे. १९२८ साली मुंबईचे गिरणी कामगार सुमारे सहा महिने संपावर राहिले, त्यामागे थोड्या माणसांकडून अधिक साचे चालवून घेण्याची योजना हे एक मोठे कारण होते. आम्ही बांधकाम मजुरांत संघटनेचे काम करतो. म्हणून यंत्राला नको म्हणणे आमच्याकडून अपेक्षिले जाते. आमचे उत्तर वेगळे आहे. या यंत्राला कारखाना लागत नाही. भंगार, एक मोटर आणि एक वेल्डर पुरतो. मग ते ठेकेदाराच्याच अंगणात का उभे राहावे? नाक्यावरच्या आठदहा मजुरांनी वर्गणी काढून ते बांधावे, चाळलेली वाळू ब्रासाच्या दराने द्यावी, आणि आजवर फावडे मारणाऱ्या बाईलाच ते चालवण्यास शिकवावे. मग वाचलेले कष्ट तिच्या पाठीला मिळतील आणि वाचलेला पैसा तिच्या पदरात पडेल. यंत्र कष्ट कमी करते, हे खरेच. पण ते कोणाचे कष्ट आणि कोणाची भाकरी कमी करते, हे त्याची मालकी ठरवते.