गतस्मृतीशी स्पर्धा : एका कंट्री गीताची भाषा

३.१ प्रास्ताविक

‘बॅलड’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. लोकसाहित्यात ती कथा सांगणाऱ्या गीताला लावतात. पोवाड्याशी तिची तुलना होते ती या अर्थाने. विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीतात मात्र संथ लयीच्या, भावप्रधान प्रेमगीतालाही बॅलड म्हणतात. या घटकात दुसऱ्या प्रकारचे एक गीत पाहावयाचे आहे : अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९२३ साली जन्मलेल्या हँक विल्यम्स यांचे ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’. ते डिसेंबर १९५० मध्ये नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रित झाले आणि १९५१ मध्ये कंट्री गीतांच्या क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचले. १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, विल्यम्स यांचे निधन झाले.

३.२ अनुपस्थित तिसरा

गीताचा आशय साधा आहे. निवेदकाचे प्रेम खरे आहे. परंतु प्रिय व्यक्ती पूर्वीच्या एका प्रेमभंगातून सावरलेली नाही. दुसऱ्या कोणाच्या अपराधाची शिक्षा निवेदक भोगतो आहे. जवळ जाण्याचा प्रत्येक प्रयत्न संशयास पात्र ठरतो आणि अंतर वाढत जाते.

येथे सर्वनामांची योजना लक्षात घ्यावी. संपूर्ण गीत ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात घडते. ज्याच्यामुळे सारे बिघडले त्या तिसऱ्याला नाव नाही, वर्णन नाही, इतकेच नव्हे तर तृतीयपुरुषी सर्वनामही नाही. तो केवळ आधीचे प्रेम, एक स्मृती म्हणून येतो. मराठीत ‘सवतीमत्सर’ असा नेमका शब्द आहे. पण सवत समोर असते, तिच्याशी भांडता येते. स्मृतीशी भांडता येत नाही. म्हणून या गीतातील मत्सर रागाचे रूप घेत नाही. तो विनवणीचे आणि प्रश्नाचे रूप घेतो. विरहही येथे दुहेरी आहे : प्रिय व्यक्तीला गेलेल्याचा, आणि निवेदकाला समोर बसलेल्याचा.

३.३ लिंगनिर्देश आणि अनुवादाचा प्रश्न

इंग्रजीत प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांतून किंवा त्यांच्या क्रियापदांतून लिंग कळत नाही. या गीतात अन्य कोणताही लिंगदर्शक शब्द नाही. परिणामी टोनी बेनेट आणि डायना वॉशिंग्टन या दोघांनीही ते १९५१ मध्ये गायिले, आणि पंडित रविशंकर यांच्या कन्या नोरा जोन्स यांनी २००२ मध्ये. ‘मी’ पुरुष असो वा स्त्री, अर्थाला कोठेही बाध येत नाही.

मराठीत हे सहज साधत नाही. ‘मी झुरतो’ की ‘मी झुरते’, ‘तू रडतोस’ की ‘तू रडतेस’, हे ठरवावेच लागते. आपल्या शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी लावण्या रचल्या, तेव्हा क्रियापदाच्या एका प्रत्ययानेही बोलणारी व्यक्ती स्त्री असल्याचे श्रोत्याला कळत असे. मराठीची ही शक्तीच आहे. मात्र प्रस्तुत गीताच्या अनुवादात ती अडचण ठरते.

तरीही मार्ग आहेत. ‘मी प्रयत्न केला’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माशी जुळते, कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. ‘तुला रडताना पाहून मला यातना होतात’ या रचनेतही ते उघड होत नाही. ‘मी वाट पाहीन’ या भविष्यकाळी रूपाचेही तसेच. अर्थात केवळ अशाच रचना वापरल्या तर भाषा अवघडण्याचा धोका असतो. लिंगनिरपेक्षता राखावी की बोलीचा सहजपणा, हा निर्णय अनुवादकाला डोळसपणे घ्यावा लागतो. मूळ गीताची ताकद साध्या, बोलल्यासारख्या शब्दांत असल्याने सहजपणाची हानी अधिक जाणवेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

३.४ सारांश

प्रतिस्पर्ध्याला सर्वनामही न देता हे गीत त्याला सर्वव्यापी करते. व्याकरणातील निवड ही आशयाचीच निवड असते, हे यावरून ध्यानात येते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मत्सर’, ‘हेवा’ आणि ‘असूया’ यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या परिचयाचे एक मराठी विरहगीत निवडून त्यातील लिंगदर्शक क्रियारूपे शोधा. ती बदलल्यास अर्थात कोणता फरक पडतो, ते लिहा.