दात काढल्यावर हाडाचे काय होते?

दात काढला की दुखणे संपले, असे बहुतेक रुग्ण मानतात. हाडाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तेथून सुरू होतो. दाताला धरून ठेवणाऱ्या जबड्याच्या पातळ हाडाचे अस्तित्व दातावरच अवलंबून असते. दात गेला की ते विरू लागते. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते आणि त्यातील मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. नंतर कृत्रिम दात रोवायचा म्हटले, तर इम्प्लांटला आधार देण्याइतके हाड उरलेले नसते.

ही झीज थोपविण्यासाठी आता पुनर्जनन वैद्यकाचे साहाय्य घेतले जाते. त्याचा पाया निसर्गाच्याच रीतीत आहे. दात निघताच खोबणीत रक्ताची गुठळी तयार होते. तिच्या जाळीवरून पेशी आत सरकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि काही आठवड्यांत खोबणीच्या भिंतींकडून नवे हाड आत भरू लागते. ही गुठळी निघून गेली, तर हाड उघडे पडून दोन-चार दिवसांत असह्य कळा सुरू होतात. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नका, तंबाखूला हात लावू नका, असे डॉक्टर बजावतात ते यासाठीच.

हाड बनण्यास पेशी, त्यांना जागे करणारे संकेत आणि आधाराची चौकट अशा तीन गोष्टी लागतात. यांतील संकेतांचा मागोवा अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी घेतला. खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड तयार होते, हे त्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. यामागील प्रथिनांपैकी एकाच्या कृत्रिम रूपाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये जबड्यावरील काही शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली. हे उपचार महागडे असून त्यांत सूजही बरीच येते.

तुलनेने सोपा मार्ग फ्रान्समधील जोसेफ शुकरून यांनी २००१ मध्ये पुढे आणला. रुग्णाचेच थोडे रक्त काढून, त्यात कोणतेही रसायन न मिसळता, ते लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवायचे. मधल्या थरात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींनी समृद्ध असा फायब्रिनचा गोळा मिळतो. तो खोबणीत ठेवला जातो. यामुळे हिरडी लवकर भरते आणि अक्कलदाढ काढल्यानंतरचा त्रास कमी होतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. हाड अधिक भरते, याचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही. खोबणीत हाडाचा चुरा भरण्याचा उपायही झीज कमी करतो, पूर्णपणे थांबवीत नाही.

शिवाय धूम्रपान, तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांपुढे ही तंत्रे तोकडी पडतात. हाडे ठिसूळ होण्यावरील बिस्फॉस्फोनेट गटाच्या औषधांमुळे काही रुग्णांत जबड्याचे हाड मृत होते, हे २००३ पासून ठाऊक आहे. अशी औषधे चालू असल्यास दात काढण्यापूर्वीच दंतवैद्याला सांगावे. ती परस्पर बंद करू नयेत. पुढे इम्प्लांट बसवायचा विचार असेल, तर हाड राखण्याची चर्चाही दात काढण्याआधीच व्हायला हवी. झिजलेले हाड नंतर पुन्हा उभे करणे अधिक कष्टाचे आणि खर्चाचे असते.