फोनच्या यादीपासून सुरुवात करा

वेब ॲप शिकायला बसलेली मुलं पहिल्याच दिवशी फार मोठं काहीतरी ठरवतात. लॉगिनचं पानच आठवडाभर जमत नाही, आणि उत्साह मावळतो. अशांनी वेबचीच सुरुवात पाहावी.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. १९९० संपता संपता पहिला सर्व्हर चालू झाला. पण तिथल्या लोकांना वेबची सवय लागली ती संस्थेच्या टेलिफोन डिरेक्टरीमुळे. एरवी कुणाचा नंबर हवा असला, तर मेनफ्रेम संगणकात शिरावं लागे. वेबवर नाव शोधलं की नंबर समोर. रोजची गरज भागली, म्हणून वेब टिकलं.

हेच खांडबाऱ्यासारख्या गावात करता येईल. वायरमन, बोअरची मोटर दुरुस्त करणारा, नवापूर-नंदुरबारला भाड्याने जाणारी जीप, ट्रॅक्टरवाला यांचे नंबर त्यांना विचारून घ्यायचे आणि एका फाईलमध्ये ठेवायचे. पानावर एकच चौकट. तिच्यात ‘वायरमन’ लिहून बटण दाबलं की ब्राउझर तो शब्द सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम यादी चाळतो आणि जुळलेल्या ओळींचं नवं पान करून परत धाडतो. वेब ॲपचा गाभा एवढाच.

खरी गंमत पुढे आहे. यादीत ‘गावीत’ असेल आणि शोधणाऱ्याने ‘गावित’ लिहिलं, तर संगणक सरळ ‘कुणी नाही’ म्हणतो. मग ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचा नियम प्रोग्रॅमला शिकवावा लागतो. त्यातही एकाच आडनावाची माणसं इतकी, की पाड्याचं नाव जोडल्याशिवाय नेमका माणूस सापडत नाही. हे धडे कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाहीत; ते गावातली माणसं वापरायला लागली की मिळतात. माझ्या मते उमेद टिकवायचा खात्रीचा मार्ग हाच. कुणी ‘अरे, तो नंबर बदलला’ म्हणून सांगायला आलं, की समजावं, ॲप वापरात आहे. रंग, लोगो, लॉगिन नंतर पाहू.

सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुलं केलं. त्यासाठी कुणाचा परवाना लागत नाही. तेव्हा येत्या बाजारच्या दिवशी वही घेऊन निघा, आणि पहिले वीस नंबर विचारून घ्या.