पंप आणि मोटर एका रेषेत : निम्म्याचं गणित



गेल्या वर्षी आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप पाच महिन्यांत तीनदा बंद पडला. शाळेच्या टाकीत पाणी नसलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पोषण आहाराची भांडी तशीच पडून राहतात. सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. दर वेळी मोटरचं बेअरिंग बदललं जायचं आणि ‘बेअरिंगच डुप्लिकेट निघालं’ म्हणून विषय संपायचा.

चौथ्या वेळी आमचे एक पालक पंपघरात आले. ते साखर कारखान्यात फिटर आहेत. मीही बघायला गेले. ते म्हणाले, “बाई, बेअरिंग मरत नाही, मारलं जातंय. मोटर आणि पंप एका रेषेतच नाहीत.” त्यानंतरचे दोन तास म्हणजे माझ्यासाठी गणिताचा तासच होता. तो तुमच्यापर्यंत पोहोचवते.

एका रेषेत म्हणजे काय?

मोटरचा शाफ्ट पंपाच्या शाफ्टला फिरवतो. दोघांना जोडणारा भाग म्हणजे कपलिंग. हे दोन्ही शाफ्ट मिळून एकच सरळ रेषा व्हायला हवी. चूक दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात दोन्ही शाफ्ट समांतर असतात, पण एक वर आणि एक खाली, किंवा एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दुसऱ्या प्रकारात त्यांच्यात कोन असतो. बहुतेक वेळा दोन्ही चुका एकत्रच सापडतात.

वर्गात दाखवायचं असेल तर दोन पेन्सिली सायकलच्या वॉल ट्यूबच्या तुकड्याने जोडा. सरळ धरून फिरवा, सहज फिरतात. एक पेन्सिल थोडी वर धरून फिरवा, बोटांना हिसका जाणवतो. तुमची बोटं म्हणजे बेअरिंग!

‘कपलिंगमध्ये रबर आहे, ते सांभाळून घेईल’ असं पुष्कळ जण म्हणतात. रबर थोडं वाकतं हे खरं, पण वाकताना ते शाफ्टला ढकलतं आणि तो भार बेअरिंगवर आणि सीलवर येतो. मोटर मिनिटाला साधारण १,४५० फेरे घेते. रोज आठ तास चालली तर जवळजवळ सात लाख फेरे झाले. प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. बेअरिंग किती दिवस टिकणार?

काम कसं करतात?

सर्वात आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवायचा. आपण काम करत असताना कुणी चुकून चालू करायला नको. पंप पाइपांना बांधलेला असतो, म्हणून तो हलवत नाहीत. हलवायची ती मोटर.

१) डुगडुगणारा पाय : वर्गातल्या बाकाचा एक पाय आखूड असला की आपण खाली कागदाची घडी घालतो. मोटरचंही तसंच. एकेक बोल्ट सैल करून बघायचा. तो पाय उचलला गेला, तर तेवढ्या जाडीची पत्र्याची पातळ पट्टी खाली सरकवायची. तिला शिम म्हणतात.

२) कोन : कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट वर आणि खाली मोजतात. आमच्या पंपाची फट वर ०.१० मिमीने जास्त होती. कपलिंगचा व्यास १०० मिमी, मोटरच्या पुढच्या आणि मागच्या पायांतलं अंतर ३०० मिमी. आता त्रैराशिक मांडा : १०० मिमीला ०.१०, तर ३०० मिमीला किती? ०.३० मिमी. म्हणून मागच्या दोन पायांखाली ०.३० मिमीचे शिम घातले.

३) उंची : डायल गेज मोटरच्या कपलिंगवर बांधला आणि त्याची टेकणी पंपाच्या कपलिंगच्या कडेवर टेकवली. दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवले. टेकणी आत गेली तर अधिक, बाहेर आली तर उणे. वर शून्य लावलं, तर डावीकडे −०.१०, उजवीकडे −०.३०, खाली −०.४० आलं.

इथे एक सुंदर पडताळा आहे. डावी अधिक उजवी बेरीज ही वर अधिक खाली या बेरजेइतकीच यायला हवी. दोन्हीकडे −०.४०. म्हणजे मोजणी बरोबर. फरक फार आला, तर गेज ढिला आहे असं समजून पुन्हा मोजायचं.

मी विचारलं, “मग मोटर ०.४० उचलायची का?” ते हसले. “निम्मं, बाई.” मोटर ०.२० मिमी खाली आहे, म्हणून वरच्या बाजूला पंपाची कड गेजला ०.२० जवळ येते आणि खालच्या बाजूला ०.२० लांब जाते. गेज दोन्हींतला फरक दाखवतो, म्हणजे दुप्पट. ०.४० चे शिम घातले असते, तर मोटर तेवढीच वर गेली असती आणि चूक तशीच राहिली असती! म्हणून चारही पायांखाली ०.२० मिमीचे शिम घातले.

४) डावं-उजवं : दोन्ही बाजूंच्या मापांतला फरक ०.२०, त्याचं निम्मं ०.१०. मोटर तेवढी डावीकडे सरकवली. बोल्ट आवळले आणि पुन्हा मोजलं, कारण आवळताना मोटर हलते.

नवीन बेअरिंग घातलं, ते आजही चालू आहे. आधीची तीन बेअरिंग डुप्लिकेट नव्हती. चौथ्या वेळी फक्त कुणीतरी बदलण्याआधी मोजलं.

आपल्या वर्गातही एखादं मूल भागाकारात पुन्हा पुन्हा चुकतं, आणि आपण पुन्हा पुन्हा तीच गणितं देतो. वजाबाकी कच्ची आहे का, हे आधी तपासलं तर?

मुलांसाठी : वर ०, डावीकडे −०.०४, उजवीकडे −०.१२, खाली −०.१६. पडताळा जुळतो का? मोटर किती उचलावी आणि बाजूला किती सरकवावी? (उत्तर : जुळतो, ०.०८ मिमी वर, ०.०४ मिमी डावीकडे.)