डोलकाठीच्या नव्या तारा : जुळवणी व दोषशोधन

तंजावूरच्या राजवाडा परिसरात वीणा ऐकली असेल, तर नवी तार काही दिवस उतरत राहते हे तुम्हांला ठाऊक असेल. शिडाच्या बोटीतही तसेच घडते. १९ पदरी स्टीलच्या तारेवर भार आला की पदर एकमेकांत बसतात आणि तार कायमची थोडी लांबते. म्हणून पहिल्या फेऱ्यांनंतर जुळवणी पुन्हा करावी लागते.

१. धक्क्यावर : शेंड्यापासून दोन्ही बाजूंचे अंतर समान करा, टर्नबकलना सारखेच फेरे द्या.

२. ताण : २ मीटर तार १ मिमी ताणली, की तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण येतो. शेंड्याच्या बाजूच्या तारांना साधारण ३ मिमी, म्हणजे १५ टक्के ठेवा.

३. पाण्यावर : बोट २० अंश कलल्यावर वाऱ्यामागची तार किंचित सैल चालेल, लोंबकळता कामा नये.

दोष ओळखा : शेंडा वाऱ्यामागे झुकला तर वरच्या तारा सैल, मधला भाग वाऱ्यामागे फुगला तर खालच्या.

सैल तार प्रत्येक लाटेला झटका खाते, टोकाशी थकव्याची चीर पडते आणि डोलकाठी कोसळू शकते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात किनारा हाकेवर नसतो. म्हणून शेवटी टर्नबकलच्या खिळी लावायला विसरू नका.

स्वाध्याय : ३ मीटर तारेत १५ टक्के ताणासाठी किती मिमी वाढ हवी?