जंगलातली इमारत आणि आर्किटेक्टचा करार

नागपूरहून गडचिरोली जिल्ह्यातलं हेमलकसा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि आलापल्लीनंतरचे शेवटचे साठेक किलोमीटर निव्वळ जंगलाचे. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. झाडाखालच्या उपचारांपासून दवाखाना आणि आश्रमशाळा उभी राहिली. अशा मुलखात शाळा, दवाखाना, वसतिगृह बांधायला तरुण आर्किटेक्ट उत्साहाने जातात. मात्र बरोबर काही गैरसमजही नेतात, आणि त्यांच्यापायी काम अर्ध्यात अडकतं.

गैरसमज : सेवाभावी संस्थेचं काम, त्याला करार कशाला?
1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध असतो. अडचण येते ती पुराव्याची. फी सोडायची तर जरूर सोडा. पण कोणती ड्रॉइंग द्यायची, साइटवर किती फेऱ्या मारायच्या, प्रवासखर्च कोणाचा, हे कागदावर हवंच. आर्किटेक्टची अधूनमधूनची भेट आणि रोजची देखरेख ही दोन निराळी कामं आहेत. हेमलकशाजवळच्या भामरागडसारख्या ठिकाणी रोज उभा राहणारा माणूस कोण नेमणार, त्याचा पगार कोण देणार, हे आधी ठरवा.

गैरसमज : बांधकाम खर्चाच्या टक्केवारीतच फी घ्यायची असते.
ही रीत शहरात चालून जाते. इथे माती, बांबू आणि स्थानिक कारागीर वापरून खर्च खाली आणायला डोकं आणि वेळ जास्त लागतो, आणि फी मात्र खर्चाबरोबर घटते. काटकसर करणाऱ्यालाच दंड! माझ्या मते अशा कामाला ठोक रक्कम ठरवावी, टप्प्याटप्प्याने घ्यावी. ग्राहकाचं बजेट कमी असेल तर फी कापण्याआधी कामाची व्याप्ती कापावी.

गैरसमज : लोकांशी बोलणं हे काही काम नव्हे.
गडचिरोलीजवळच्या शोधग्राममधल्या दवाखान्याचं उदाहरण पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती; आपल्या गावासारख्या झोपड्या हव्यात, नातेवाइकांना रोग्याजवळ राहता यावं, असं त्यांनी सांगितलं. म्हणून दवाखाना तसा झाला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरी या देवीचं. त्या बैठकांनी इमारतीचं रूपच ठरवलं. मग बैठकांचे दिवस करारात पहिला टप्पा म्हणून का लिहू नयेत, आणि त्याचे पैसे का मागू नयेत?

गैरसमज : पूर आला की मुदत आपोआप वाढते.
पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे पावसाळ्यातलं नेहमीचं. दरवर्षी येणाऱ्या गोष्टीला अकल्पित कसं म्हणणार? करार कायद्याचं कलम 56 काम अशक्य झालं तर आधार देतं, नुसतं अवघड झालं म्हणून देत नाही. पावसाळ्याचे महिने मुदतीतून वगळल्याचं सरळ लिहून घ्या. काम थांबलं तर तोवर झालेल्या कामाचे पैसे कधी मिळणार, तेही लिहा.

गैरसमज : बिल थकलं तर हात चोळत बसायचं.
छोट्या फर्मची उद्यम नोंदणी असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली करारात कितीही लांबची तारीख असली तरी 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. ही नोंदणी सही करण्याआधी करा.

गैरसमज : इथल्या लोकांना करारमदार कळत नाहीत.
हा सगळ्यांत अपमानकारक समज. गडचिरोली जिल्ह्यातल्याच मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आज जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात, व्यापाऱ्यांशी दर ठरवतात. तेव्हा ग्रामसभेसमोर जाताना करार सोप्या मराठीत लिहा, माडिया भाषा जाणणाऱ्या माणसाकडून प्रत्येक कलम सभेत समजावून द्या, आणि त्यांनी सुचवलेले बदल करूनच सही घ्या.